'करण्यात येईल'

परवा माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी नोटिशीचा कच्चा खर्डा घेऊन घरी आली. आता तीही एका साखर कारखान्यात कामगार अधिकारी आहे. हंगाम संपला की काही माणसं दुसऱ्या खात्यात हलवायची आहेत. "सर, भाषा जरा बघा ना." मी तिसऱ्या ओळीवर थांबलो. 'बदली करण्यात येईल.' हे वाक्य तिला मीच शिकवलेलं.

नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं नोटिसा लिहिल्या. माझी नोटीस कोर्टात टिकते, असं युनियनवालेही म्हणायचे आणि ते ऐकायला मला फार आवडायचं. कर्ता काढून टाकला की वाक्य कुणाच्या हाती लागत नाही, ही माझी हातोटी. तिचा मला गर्व होता.

मग साखर शिजवायच्या पॅनवर स्वयंचलित यंत्रणा आली, तिथले पॅनमन कमी करायचे ठरले. नोटीस फलकात लावून मी काचेला कुलूप घातलं, तर मागे एक जुने पॅनमन उभे. काचपट्टीवर नमुना घेऊन, उजेडाला धरून साखरेचा दाणा जोखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तसेच डोळे बारीक करून ते ओळीवर बोट फिरवत गेले आणि 'येईल'पाशी थांबले.

"साहेब, हे करणारं कोण?"

"व्यवस्थापन."

"नाव सांगा की."

मी नाव सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचा नारळ घ्यायला आले नाहीत, घरी पाठवावा लागला.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय. 'मी ठरवलं' लिहावं, तर ठरवणारा मी नसतो. 'संचालक मंडळाने ठरवलं' लिहावं, तर मंडळातलं कुणी गेटवर येऊन उभं राहत नाही. 'आपण सर्वांनी मिळून' तर धडधडीत खोटं. हल्लीचे सल्लागार व्हॉट्सअॅपवर 'आपलं कुटुंब' म्हणून सुरुवात करतात, त्याची मला चीड येते. बॉयलर पेटवायच्या दिवशी बोनस जाहीर करायला अध्यक्ष माईक हातात घेतात. कपात सांगायची वेळ आली की कामगार अधिकारी पुढे. याच जिल्ह्यात लोणीला सहकारी कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटील शेअरचे पैसे मागायला स्वतः गावोगाव फिरले होते. १९५० साली धुराडं पेटलं, तेव्हा पैसे कुणाच्या शब्दावर दिले हे शेतकऱ्याला माहीत होतं.

निवृत्तीनंतर मी मुद्दाम हिवरे बाजार या गावी गेलो, नकोसा निर्णय तिथे कसा सांगतात ते बघायला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर तिथे एक रीत बसत गेली. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचं. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरेल त्यावर पिकं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. शेतकऱ्याला याहून कडू काय सांगणार? पण आकडा आधी येतो, निर्णय मागून. आणि सांगणाऱ्याचं शेतही त्याच शिवारात.

आमच्या नोटिशीत आकडा कधीच नसायचा. मीच गाळायचो.

मुलीच्या खर्ड्यातलं 'करण्यात येईल' मी खोडलं. वर काय लिहावं ते सुचेना. ती म्हणाली, "कार्यकारी संचालकांना विचारते, तुमचं नाव घालू का म्हणून." हे विचारायला मी एकदाही जिना चढलो नव्हतो. तिनं खर्डा घडी करून पर्समध्ये ठेवला. सोमवारी नोटीस लागायची आहे.