बोध आणि कैवार

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्यवहारात 'प्रोत्साहन' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. शहरातील तरुण संघाने खेड्यातील तरुण संघाला भेट द्यावी, दोन दिवस गीते, खेळ, शास्त्रपाठ व्हावेत आणि निरोपाच्या वेळी 'मोठे प्रोत्साहन मिळाले' असे दोन्ही बाजूंनी म्हणावे, ही रीत आता रूढ झाली आहे. सोलापुराहून जिल्ह्यातील काही गावांच्या भेटीला आम्ही निघालो, तेही याच रीतीने. या शब्दाचा खरा पल्ला मात्र मराठी बायबलातील दोन शब्दांमुळे ध्यानात येतो.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात बर्णबाच्या नावाचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे. त्यामागचा ग्रीक शब्द 'पाराक्लेसिस'. त्याच धातूतून आलेल्या 'पाराक्लेतोस' या शब्दासाठी योहानाच्या शुभवर्तमानात भाषांतरकारांनी 'कैवारी' हा अस्सल मराठी शब्द योजला. एका ग्रीक मुळाला मराठीत असे दोन अंकुर फुटले. बोध समोर उभे राहून करता येतो. कैवार घ्यायचा तर शेजारी जाऊन उभे राहावे लागते.

सोलापुराला बोध घेण्याची सवय जुनी आहे. आज परदेशी चर्चचे तरुण आफ्रिकेतील खेड्यांकडे जातात. एकेकाळी अमेरिकन चर्चच्या नकाशावर आपलाच मुलूख असा दूरचा होता. अमेरिकन बोर्डाचे हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, केंद्र झाले आणि १८६० च्या दशकात मिशन सोलापुरात पोहोचले. शाळा आल्या, मंडळ्या स्थापन झाल्या. आणि बाहेरच्याने बोलावे, आपण ऐकावे हा शिरस्ताही पडला. नारायण वामन टिळकांनी या बोधाला भजन-अभंगांचा देशी कंठ दिला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. वर्गात ते फुलामुलांचे कवी म्हणून शिकवले जातात. खेड्यातील मंडळीत त्यांची पदे वही न उघडता गायली जातात.

आम्ही गेलो ते हुरड्याचे दिवस होते. रात्री उपासनेनंतर ढोलकी-झांजांवर ही पदे सुरू झाली, तेव्हा आमच्या गिटारवाल्याने वाद्य खाली ठेवले आणि तो टाळ्यांचा ठेका धरू लागला. तरुण संघात मुलगे थोडे होते. बहुतेक जण पुण्याला कामाला गेलेले. उरल्या होत्या त्या मुलीच. दुसऱ्या दिवशी 'विश्वासात स्थिर राहा' या विषयावर आमचे बोलणे झाले. ते संपल्यावर बारावी झालेली एक मुलगी आमच्यातील वडीलधाऱ्या ताईंजवळ आली. म्हणाली, "ताई, आमच्या अण्णांशी तुम्ही बोला की. मला नर्सिंगला जायचंय. लगीन ठरवाय लागलेत." तिला वचनांची उणीव नव्हती, त्यातली कितीतरी तिची तोंडपाठ होती.

ताई पाळकसाहेबांना घेऊन तिच्या घरी गेल्या. चहा झाला, ज्वारीचे, पावसाचे बोलणे झाले, मग मूळ विषय निघाला. अण्णांनी होकार दिला नाही. 'जूनपर्यंत बघू' एवढेच म्हणाले. त्या 'बघू'त टाळाटाळही असेल. तरी घरात तो विषय मुलीच्या बाजूने कोणीतरी प्रथमच मोठ्याने मांडला होता.

बर्णबानेही हेच केले होते. तरुण मार्क दौरा अर्ध्यावर सोडून घरी परतला. पुढच्या प्रवासात त्याला घ्यायला पौल राजी होईना. बर्णबाने पौलाशी तीव्र मतभेद पत्करले आणि मार्कला घेऊन तो कुप्र बेटाकडे निघाला. परंपरा दुसरे शुभवर्तमान याच मार्कच्या नावावर ठेवते. त्याला बर्णबाने काय उपदेश केला, हे कोठेही नोंदलेले नाही. तो कोणाच्या बाजूला उभा राहिला, एवढेच नोंदलेले आहे.

बाजू घेणाऱ्याला किंमत पडते. सोमवारी शहरात परतणाऱ्या पाहुण्यांना ती फारशी पडत नाही. त्याच गावात राहणाऱ्या पाळकांना पडते. म्हणून पुढच्या भेटीचा कार्यक्रम आखताना आम्ही व्याख्यानांची संख्या निम्म्यावर आणली आहे आणि पहिली तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातील धरली आहे. नर्सिंगच्या प्रवेशांची कागदपत्रे ताईंनी आतापासूनच जमवायला घेतली आहेत.