दुसऱ्याचा तास

प्रार्थना संपून मुलं ओळीनं वर्गात शिरतात न शिरतात तोच शिपाईमामा एक लांबट वही घेऊन शिक्षक खोलीत येतात. पर्यवेक्षकांनी सकाळीच ती आखून भरलेली असते. आज रजेवर कोण, कितवा तास, कोणती इयत्ता, कोणती तुकडी, आणि शेवटी तो तास ज्यानं घ्यायचा त्याचं नाव व सहीपुरती जागा. ही ऑफ तासाची वही. तीत आपलं नाव दिसलं की मन खट्टू होतं, कारण दिवसातली ती एकुलती मोकळी तासिका वह्यांच्या गठ्ठ्यासाठी राखून ठेवलेली असते. सही करायची आणि वर्गात जाऊन सांगायचं, "वाचत बसा, आवाज नको."

असं सांगणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही. सहा तास बोलून घसा बसलेला असतो. पण ऑफ तासाला वर्गात जाऊन खरोखर तास घेणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि शाळेच्या इतिहासात त्यांची कुठंच नोंद होत नाही याचं मला वाईट वाटतं. आमच्याकडे चित्रकलेचे एक सर होते. इतिहासाच्या ऑफ तासाला गेले की फळ्यावर एखाद्या किल्ल्याचा उभा छेद काढायचे. तटबंदी, बुरूज, पाण्याचं टाकं, चोरदरवाजा. मग विचारायचे, "आता सांगा, शत्रू कुठून येईल?" वर्ग पेटायचा. इतिहासाच्या बाई कामावर परतल्या की मुलं त्यांनाच प्रश्न विचारून भंडावून सोडत. ज्या सरांकडे असं काही नसे, ते ग्रंथालयातून 'किशोर'चे जुने अंक उचलून आणत. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्यानं किती ऑफ तास तारून नेले असतील, कोण जाणे.

एका तासाचं हे असं निभतं. खरी कसोटी लांबच्या रजेला लागते. बाळंतपणाची रजा 180 दिवसांची, म्हणजे वर्गाच्या हिशोबानं जवळजवळ एक सत्र. अशा रजेच्या जागेवर आलेल्या एका तरुण बाईंचा पहिला तास मी शेजारच्या वर्गातून ऐकला होता. मधली भिंत अर्ध्या उंचीची होती. स्वतःची ओळख त्यांनी शेवटी करून दिली. आधी पुढच्या बाकावरच्या मुलीकडून मराठीची वही मागून घेतली. पानं उलटत म्हणाल्या, "तुमच्या बाई नवे शब्द समासात लिहून घेतात वाटतं? आणि तारीख उजवीकडं? बरं. आपण तसंच ठेवू." त्यानंतर वर्गातला गलका ओसरला. कुणी परकं येऊन घर हलवणार नाही, एवढी खात्री मुलांना पुरते.

मधल्या सुट्टीत पाहिलं तर त्यांच्या टाचण वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं बाकांचा नकाशा काढलेला होता, चौकोनाचौकोनात नावं. तिसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येकाला नावानं हाक मारू लागल्या. "आमच्या बाई कधी येणार?" हा प्रश्न रोज एखादं पोर विचारीच. त्या महिन्याचं नाव सांगत, आणि त्यांच्या आवाजात रुसवा नसे. मला हे काम फार अवघड वाटतं. दुसऱ्यानं अर्ध्यावर ठेवलेला पाठ उचलायचा, त्याच्या पद्धतीचा मान राखून पुढं न्यायचा, आणि मुलं आपल्याला रुळली की निघायचं. बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

शिक्षक खोलीत या बाईंना स्वतःचं कपाट नव्हतं. खडू, डस्टर, वह्या सगळं खांद्यावरच्या पिशवीत. बी.एड. झालेलं, पात्रता परीक्षा उत्तीर्ण, आणि डोळे शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या यादीकडे लागलेले. शिक्षणसेवकाची योजना 2000 साली आली. ती तुटपुंज्या मानधनाची असली तरी तिला तीन वर्षांनंतरच्या कायम नोकरीचा शेवट होता, आणि 2023 पासून ते मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 झालं. या बाईंसारखं तासिका तत्त्वावर येणाऱ्याला ना शेवट ना सुरुवात. जितके तास फळ्यापुढं उभं राहाल तितक्याच तासांचे पैसे. दिवाळी कोरडी, मे महिना कोरडा. गिरणगावात बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत, आत कुणी खाडा केला असेल तरच त्या दिवशी हाताला काम मिळे. 1982 च्या संपात त्यांचा प्रश्नही होता. त्या दाराची आठवण मला शिक्षक खोलीच्या उंबऱ्याशी येते, आणि इथं आत घेतलं जाणारं माणूस मुलं घडवायला चाललेलं असतं, म्हणून ती जास्त बोचते.

2023 साली भरती रखडली तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 वर बोलवायचं ठरलं. त्या गुरुजींबद्दल मला आदरच आहे. सत्तरीकडं झुकलेलं माणूस बाराखडी घ्यायला पुन्हा उभं राहतं, त्याला माझा नमस्कार. पण डी.एड. होऊन घरी बसलेली गावातली मुलगी ते पाहत असते, तिला काय सांगायचं?

खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेत तर ऑफ तासाची वहीच नसते. साठपर्यंत पट असेल तर शिक्षणहक्क कायदा दोन शिक्षक देतो. हाच कायदा शिक्षकांना इतर कामांना जुंपू नका असं बजावतो आणि जनगणना, आपत्ती, निवडणुका तेवढ्या वगळतो. निवडणूक लागली की दोघांतला एक जण प्रशिक्षणाला जातो आणि दुसऱ्यापुढं पहिली ते चौथी एकाच व्हरांड्यात बसते. चौथीची पोरं पहिलीच्या पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घेतात. ती पोरंही त्या दिवसापुरती बदली शिक्षकच असतात, आणि चांगली असतात, पण त्यांचा स्वतःचा भागाकार राहून जातो. दहा-बारा शाळांच्या केंद्रामागं एक तरी पूर्ण पगाराचा शिक्षक केवळ अशा दिवसांसाठी नेमावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला रिकामं बसायची वेळ वर्षात फार थोड्या दिवशी येईल.

आणखी एक मागणं आहे, ते लहानच. रजेवरून परतणाऱ्या बाई आणि जाणाऱ्या बाई यांना एकाच वर्गात दोन दिवस, पगारी, एकत्र मिळावेत. त्या तरुण बाईंना ते मिळाले नाहीत. म्हणून त्यांनी मागं दोन पानं लिहून ठेवली होती. व्याकरणात समासापर्यंत आलो आहोत. निबंधाच्या वह्या तपासून कपाटावर. अमुक मुलगी हल्ली बोलत नाही, घरी आजी वारली आहे, उत्तराचा आग्रह धरू नये. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, दोनदा चिठ्ठी दिली, चष्मा अजून आलेला नाही. परतलेल्या बाईंनी ती पानं उभ्यानंच वाचली, हजेरी घेण्याआधी त्या मुलाला पहिल्या बाकावर आणून बसवलं, आणि मधल्या सुट्टीत त्याच्या वडिलांना फोन लावला.