मागची कड

उन्हाळ्याच्या तोंडावर उमरेडात कुलरवाल्याला जेवायलाही फुरसत नसते. 'आवाज करून राहिला' ही तक्रार रोजची, आणि आवाज कुठला हे ओळखण्यावरच आमचं पोट. माझी पहिली परीक्षा म्हणजे बटण बंद करणे. घुमणं त्याच क्षणी थांबलं तर ते मोटरचं. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ते 100 कंपनांचं येतं. पंखा मंदावेल तसा आवाजही खाली उतरत गेला तर दोष पात्यात किंवा जाळीत.

माझा भाचा गोव्यात आश्व्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकला. बोर्डखालची मोठी फिन काढून तो ती घरी घेऊन आला. "मामा, लाट पकडून स्पीड आली की ही गुणगुणून राहते. तुम्ही फायबरचं काम करता, पाहा बरं." समुद्र इथून शेकडो किलोमीटर, पण वस्तू ओळखीची निघाली. काचेचं कापड आणि रेझिन, कुलरच्या फायबर बॉडीत असतं तेच. पुढची कड गोलसर, मध्ये फुगवटा, मग मागे निमुळती. फक्त निमुळती होता होता ती दोनेक मिलिमीटरवर थांबली होती, चौकोनी कापल्यासारखी.

सारी गडबड तिथे. दोन्ही बाजूंनी आलेलं पाणी बोथट कडेमागे नीट मिळत नाही. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरा सुटतो आणि दर वेळी कडेला आडवा धक्का बसतो. वाऱ्यातल्या तारा का गातात हे व्हिन्सेन्स स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाने 1878 मध्ये मोजलं. ढोबळ हिशेब असा: वेगाला जाडीने भागा आणि पाचवा हिस्सा घ्या. सेकंदाला पाच मीटर वेग, दोन मिलिमीटर कड, म्हणजे पाचशेच्या आसपास कंपनं. ही लय फिनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि आवाज फुगतो. भाच्याची फिन ठरावीक वेगालाच बोलायची, ती त्यामुळे.

आपल्या शेतांवरून गेलेल्या उच्चदाबाच्या तारांना खांबाजवळ डंबेलसारखी वजनं लटकलेली दिसतात, ती याच भोवऱ्यांच्या थरथरीवर उतारा म्हणून. तार तासता येत नाही, म्हणून तिला वजन बांधायचं. जहाजांचे पंखेही गातात. त्यांच्या पात्यांची मागची कड एका अंगाने तिरपी तासतात. मी तेच केलं. लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून फक्त एका बाजूने कड तिरपी घासली. दोन्ही बाजूंचे भोवरे मग एका तालात सुटत नाहीत, त्यांचा जोर मोडतो. काचेची धूळ अंगाला फार खाजवते, म्हणून पेपर पाण्यात भिजवून घासला आणि तोंडाला फडकं बांधलं.

आता वेगाचं. भाच्याला वाटत होतं, आवाजामुळे बोर्ड मागे पडतो. मला तसं वाटत नाही. आवाजात जाणारी ताकद किरकोळ असते. बोथट कडेमागचं खळबळलेलं पाणी मात्र फिनला मागे ओढतं, आणि थरथर पायाला जाणवली तर वळताना भरवसा डळमळतो. शिकाऊ माणसाला यातलं काही कळणारही नाही. काहींना तर ती गुणगुण आवडते, वेग आल्याची खूण म्हणून. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण कड पात्यासारखी धारदार करू नका. ती लाटेत मांडी कापते, वाळूत टवका उडतो आणि टवक्याने आवाज पुन्हा सुरू होतो.

तुमची फिन बोलत असेल तर आधी तिचा स्क्रू आवळा, खाचेत ती हलते का बघा. मग मागच्या कडेवर बोट फिरवा. पुढच्या कडेला मात्र हात लावू नका. तिचा आकार बिघडला तर नवीन फिनच घ्यावी लागते.