नवी गाडी आणि मागची सीट



इथे जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, गणेशोत्सवांच्या आठवणी येतात, त्या मी आवडीने वाचतो. आज जरा ताज्या विषयावर लिहितो, कारण हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांत या ना त्या रूपाने आलेला आहे. मुलं बाहेरगावी गेली, चांगली कमावती झाली आणि आता म्हणतात, "बाबा, जुनी गाडी काढा, एक मस्त मोठी घ्या." आमच्याकडे बडोद्याला यंदाच्या दिवाळीत नेमकं हेच झालं.

आमची सध्याची गाडी २०१३ सालची टोयोटा कॅमरी. २०१७ मध्ये एका डॉक्टरांकडून वापरलेली घेतली, अकरा लाखांना. पहिल्या चार वर्षांचा घसारा त्यांनी सोसला, पुढची गाडी आम्हाला मिळाली. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची खरेदी अशीच असते. आजवर तिने कुठे रस्त्यात उभं केलेलं नाही.

चिरंजीव पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं, ही काढा आणि नवी कॅमरी घ्या. ही नवी, म्हणजे नवव्या पिढीची, डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे आली, तेव्हा शोरूमची किंमत ४८ लाख होती. बाहेरून-आतून रूप बदललेलं. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, दोन्ही मिळून सुमारे २३० अश्वशक्ती. नऊ एअरबॅग. कंपनीचा दावा लिटरमागे पंचवीस किलोमीटरच्या वरचा. आणि जुळणी कर्नाटकात, बंगळुरूजवळ बिडदीला. म्हणजे आपल्या बेळगावकर मंडळींच्याच राज्यात.

आमच्या पिढीला किंमत ऐकल्यावर एक आठवण येणारच. मारुती ८०० आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, पन्नास हजारांच्या आसपास. बरोबर एक्केचाळीस वर्षांनी, डिसेंबरमध्येच, ही आली पन्नास लाखांच्या आसपास. दोन्ही गाड्यांची तुलना होत नाही हे मलाही कळतं. पण पन्नास हजारांसाठी घरातल्या चार वडीलधाऱ्यांना विचारणारा माणूस पन्नास लाखांचा निर्णय फोनवर कसा घेणार? मी म्हटलं, थांब, आधी कागदावर मांडू दे.

कर्जाचं प्रपोजल आलं की आम्ही एक टिपण करायचो, तसंच केलं.

पहिलं, घसारा. विमा कंपन्यांचा तक्ता सरळ आहे. शोरूममधून बाहेर पडताच विम्यासाठी धरलेली किंमत पाच टक्क्यांनी कमी. सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के, एका वर्षानंतर वीस, मग तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षात पन्नास. म्हणजे ४८ लाखांचे पाच वर्षांत २४ लाख. साठ महिन्यांनी भागा, महिन्याला ४० हजार नुसते गाडीचं वय वाढण्याचे. आमचं फिरणं वर्षाला सहा हजार किलोमीटर, पाच वर्षांत तीस हजार. २४ लाख भागिले तीस हजार, म्हणजे दर किलोमीटरला ८० रुपये. यात पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग काहीच धरलेलं नाही.

दुसरं, पेट्रोलची बचत. जुनी गाडी लिटरला बारा देते, नवी आमच्या हातात वीस देईल असं धरू. वर्षाला ५०० लिटरऐवजी ३०० लिटर. वाचले २०० लिटर, साधारण एकोणीस हजार रुपये. घसारा वर्षाला चार लाख ऐंशी हजार आणि बचत एकोणीस हजार! "मायलेजसाठी नवी गाडी घेतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि कागद-पेन्सिल द्या.

तिसरं, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर एकच ४० टक्के जीएसटी झाला. या हायब्रीडवर आधी २८ अधिक १५ उपकर असे ४३ होते, म्हणजे तीनच टक्क्यांचा फरक. "काका, टॅक्स घटी गयो छे" हे खरं, पण त्या भरात निर्णय घेण्याइतका तो घटलेला नाही. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो, इथे ४८ हजार. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. पुष्कळांना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चौथं, हेच पैसे दुसरीकडे काय करतील? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका नावावर जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ६१,५०० रुपये. एवढ्यात आम्ही दोघं दर आठवड्याला भाड्याच्या गाडीने फिरलो तरी पैसे उरतील.

हे सगळं मी चिरंजिवांना पाठवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींत आलं. "बाबा, हिशोब बरोबर आहे. पण पैसे मी देणार आहे, आणि गाडी परवडते म्हणून घ्या असं मी म्हणतच नाहीये."

प्रपोजलमध्ये पहिला रकाना असतो उद्देशाचा. बाकी सगळे आकडे जुळले आणि उद्देश नीट कळला नाही, तर अधिकाऱ्याने सही करू नये असं आमचे जुने मॅनेजर सांगत. म्हणून मी त्यांना परत फोन लावला आणि सरळ विचारलं, "मग उद्देश काय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "नवी गाडी आली की ड्रायव्हर ठेवता येईल. जुन्या गाडीला ड्रायव्हर ठेवा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही."

तर हे असं होतं. पन्नास लाखांच्या गाडीच्या आडून माझ्या हातातलं स्टीअरिंग काढायचं होतं, तेही मला वाईट न वाटू देता. मला राग आला नाही. उलट पोराने बापाला ओळखलंय याचं बरं वाटलं. माझं वय चौऱ्याहत्तर. लायसन्स पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येतं, आणि या वयात डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-अ. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू झालेत. दिवसा लख्ख दिसतं. रात्री हायवेला समोरच्या गाड्यांचे ते पांढरे एलईडी दिवे अंगावर आले की क्षणभर नुसता उजेड दिसतो.

तरी म्हटलं, गाडी एकदा बघून तर घेऊ. एका रविवारी आम्ही दोघं शोरूमला गेलो. तिथला मुलगा फार आदबशीर. मी सवयीने पुढचं दार उघडायला गेलो तर म्हणाला, "काका, एक वार पाछळ बेसी तो जुओ. मालिक तो पाछळ ज बेसे ने!"

त्याचं चुकलं नाही. ही गाडी बनवलीच आहे मागे बसणाऱ्यासाठी. मागच्या सीटची पाठ बटणाने कलते, मधल्या हातटेकूवर एसीची, गाण्यांची बटणं, काचेला पडदा. आम्ही दोघं मागे बसलो, त्या मुलाने गाडी काढली आणि अर्धा तास रिंग रोडला फिरवून आणली. सुरुवातीला तर गाडी विजेवरच चालली, आवाज म्हणून नाही.

लग्नाला आमच्या सेहेचाळीस वर्षं झाली. स्कूटर असो, फिएट असो की ही कॅमरी, माझी नजर कायम पुढे आणि हात हँडलवर. चालत्या गाडीत आम्ही दोघं असे शेजारी बसलो ते बहुधा लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदाच. आणि ही बोलायला लागली. कारेलीबागेतल्या भाजीवाल्यापासून सुरुवात झाली आणि गाडी वळून परत येताना ती सहज म्हणाली, "अहो, भरूचला ताईकडे मी दोन वर्षं गेले नाही ना, ते गुडघ्यामुळे नाही हो."

मी म्हटलं, "मग?"

"परत येताना अंधार पडतो. समोरचे दिवे आले की तुमचे खांदे ताठ होतात. मला शेजारून दिसतं. तुम्हाला बोलून काय उपयोग, म्हणून गुडघा दुखतो म्हणायचे."

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालीत आणि डॉक्टरांच्या मते तो उत्तम आहे. मला वाटायचं, हिला प्रवास सोसत नाही. भरूच आमच्याकडून सत्तर किलोमीटर. सख्ख्या बहिणीचं घर, दीड तासाचा रस्ता, आणि दोन वर्षांत एक फेरी नाही. माझ्या हिशोबाच्या कागदावर हा आकडा कुठेच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीत आवडलं काय, याचा विचार करत होतो. लेदर? पडदा? आवाज नसणं? ते सगळं छान होतं. पण हिला जे हवं होतं आणि मला जे आवडलं, ते मागच्या सीटवर दोघांनी बसणं होतं. आणि मागची सीट आमच्या जुन्या गाडीलाही आहे. बारा वर्षांची आहे, फारशी वापरलेली नाही, नवीसारखी आहे.

पुढच्याच आठवड्यात ओळखीतून एक ड्रायव्हर बोलावला. एसटीतून निवृत्त झालेले गुजराती भाई, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. दिवसाचे आठशे रुपये. डभोईमार्गे गरुडेश्वरला गेलो, साधारण ऐंशी किलोमीटर. टेंबे स्वामींची समाधी आहे तिथे, नर्मदेच्या काठी. बडोद्याच्या मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या तिथे जाणं-येणं आहे, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवली, हिने पाय लांब केले. येताना मुद्दाम थोडं थांबलो, नदीवर दिवेलागण पाहिली आणि अंधारातच परत निघालो. डभोईच्या पुढे ही झोपली. गाडीत ही झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

आता एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो माझ्या कागदावर नीट बसत नाही. तो सुरक्षिततेचा. नव्या गाडीत नऊ एअरबॅग आहेत, पुढे अडथळा दिसला की ती इशारा देते, गरज पडल्यास स्वतः ब्रेक लावते. बारा वर्षांपूर्वीच्या गाडीत हे नाही. याची किंमत रुपयांत काढता येत नाही, आणि "आपल्या रस्त्यांवर गायी-म्हशी, तिथे ते यंत्र काय करणार" असं म्हणून उडवूनही लावता येत नाही. पण एवढं खरं की आमच्या घरातला सगळ्यात मोठा धोका गाडीच्या वयाचा नव्हता, अंधारात चालवणाऱ्याच्या वयाचा होता. तो ड्रायव्हर आल्याने कमी झाला. बाकीसाठी ब्रेक तपासून घेतले, चारही टायर नवे घातले, आणि मागे बसून पट्टा लावायचाच असा घरात नियम केला. आमच्या पिढीला मागे पट्टा लावायची लाज वाटते, ती सोडावी.

तर निर्णय असा. नवी गाडी तूर्त नाही. बडोद्याबाहेर जायचं असेल किंवा सूर्यास्तानंतर कुठेही, तर ड्रायव्हर. दिवसा गावात, भाजी, बँक, दांडिया बाजार, तोवर मी. पुढच्या वर्षी फॉर्म १-अ वर डॉक्टर काय लिहितात ते निमूट मान्य करायचं, त्यांना "जरा बघा ना" म्हणायचं नाही. आणि २०२८ मध्ये जुन्या गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं होतील. नूतनीकरण करायचं की गाडी बदलायची, तो विचार तेव्हा. त्या वेळी घेतली तर बसायला-उठायला जरा उंच सीटची घेऊ, कारण गुडघे चारही म्हातारे होत चाललेत.

चिरंजिवांना हे कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे मला पाहिजे होतं ते झालं, आणि माझे पन्नास लाखही वाचले?" मी म्हटलं, "ड्रायव्हरचे पैसे मात्र तू द्यायचे." लगेच कबूल झाले. ते पैसे मी खुशाल घेतो. मुलांना आपल्यासाठी काहीतरी करायचं असतं, त्यांना सगळ्यालाच नाही म्हणू नये.

ज्यांच्याकडे हा विषय चालू असेल त्यांना एवढंच सांगेन: गाडीचे आकडे जरूर मांडा, पण त्याआधी मुलांना उद्देश विचारा. आणि शोरूमला जाल तेव्हा आपल्या माणसाबरोबर मागे बसा. काय ऐकायला मिळेल सांगता येत नाही.

गेल्या रविवारी भरूचला जाऊन आलो. ताईंनी आम्हाला रात्री जेवल्याशिवाय सोडलं नाही. आम्हीही घाई केली नाही.