पाण्याला न शिवता

मोजून द्यायचे ते न मोजता द्यावे आणि न मोजता द्यायचे ते मोजून, हा आपला जुना रिवाज आहे. दूधवाला दुधात पाणी न मोजता घालतो आणि लग्नातले वाढपी जिलब्या मोजून वाढतात. पण सगळ्यांत अवघड माप पाटाच्या पाण्याचे. ते बिचारे मोजून घ्यायला थांबतच नाही.

आमच्या मामांच्या गावी हे काम पाटकऱ्याचा डोळा करी. पाटकडेला सायकल टेकवायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचे, "दीड क्युसेक." क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, 28 लिटरांहून थोडे जास्त. टेलच्या शेतकऱ्यांना हे तोंडपाठ होते. पाणी तेवढे दिसत नसे.

पुढे 2005 चा कायदा आला, पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचे ठरले आणि मामा अशा एका संस्थेचे अध्यक्ष झाले. चारीच्या तोंडाशी सिमेंटची चिंचोळी वाट, म्हणजे पार्शल फ्लूम, बांधली गेली. कालांतराने तिच्यावर लोखंडी हाताला एक डबी लटकली. ही डबी माणसाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते, पाण्यावरून परतलेला प्रतिध्वनी किती वेळात आला ते पाहते, त्यावरून पाण्याची उंची काढते आणि उंचीवरून प्रवाह. पाण्याला शिवत म्हणून नाही. मामी म्हणाल्या, "अगदी सोवळ्यातलं हो यंत्र!"

सोवळे म्हटले की नखरे आलेच. उन्हात आवाज जलद धावतो: दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटर. पहाटेचे 20 अंश दुपारी 40 झाले, की मीटरभर अंतरात तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा फरक पडतो, आणि पाणी आहे त्याहून उंच दिसते. फ्लूममध्ये पाणी 30 सेंटिमीटर असेल, तर प्रवाहात ही चूक 15 टक्क्यांच्या वर जाते, कारण उंचीपेक्षा प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून डबीच्या पोटात तापमापक आणि डोक्यावर सावली. पाटकऱ्याला जन्मात कुणी छत्री दिली नाही!

एका उन्हाळी आवर्तनात आकडा भरघोस आणि टेलचा भुईमूग मात्र माना टाकून बसलेला. बिल आकड्याचे येणार! मामा डबीसमोर हात जोडून उभे. पाटकऱ्याने डबीकडे पाहिलेही नाही. तो सरळ खालच्या अंगाला चालू लागला. शंभर पावलांवर कुणीतरी वाळूची पोती टाकून पाणी आपल्या वावराकडे वळवले होते. त्याचा फुगवटा फ्लूमपर्यंत चढला होता.

"मामा," तो म्हणाला, "पाणी उभं हाय, चालत न्हाय."

डबीला उंची कळते. ते पाणी निघाले आहे की तुंबले आहे, हे एकट्या उंचीवरून कळत नाही. डबी खोटे बोलली नव्हती. तिला तेवढेच विचारले होते.

पोती निघाली आणि आकडा उतरला. पाणी मात्र टेलला पोचले. आकडा कमी झाला म्हणून आनंदाने पेढे वाटणारा अध्यक्ष मी तेवढाच पाहिला. पेढे अर्थातच मोजून.