लेस्टरचे नऊ दिवस

जुळे सोलापुरातील आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत ज्याचे कोणीच परदेशी नाही, असा गृहस्थ आता शोधावा लागतो. त्यामुळे ‘नातलगांकडे जातोच आहोत, तर युरोपही पाहून घेऊ’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. गेल्या वर्षी आम्हीही तेच म्हटले.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला संगणक क्षेत्रात नोकरीस आहे. थोरली चुलत बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला. तिचे यजमान सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन १९७०च्या दशकात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आता ते नाहीत. मुलगा कॅनडात, ताई एकटी. फलटण गल्लीतील एकाच वाड्यात आम्ही वाढलो. मला बाराखडी तिनेच शिकवली.

बँकेतील सवयीप्रमाणे मी तक्ता तयार केला. भाच्याकडे सहा दिवस, मग सहल कंपनीबरोबर स्वित्झर्लंड आणि पॅरिस आठ दिवस, शेवटी लेस्टर चार दिवस. फोनवर ताईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “चारच?” मी विमानांच्या तारखांचे कारण सांगितले.

व्हिसाचे येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेकांचा घोटाळा इथेच होतो. शेंगेन व्हिसावर नेदरलँड्स, फ्रान्स, स्वित्झर्लंड असे बरेच देश पाहता येतात. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडायचा. इंग्लंडचा व्हिसा पूर्णपणे वेगळा. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर मधेच इंग्लंडला जाऊन पुन्हा युरोपात परतता येत नाही. आमचा अर्ज ज्यांनी भरला, त्यांनी एकच प्रवेश मागितला आणि मी न वाचता सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाने! अर्थात आमच्या आखणीत लेस्टर शेवटी असल्याने त्याने काही बिघडणार नव्हते.

जूनमध्ये आम्ही निघालो. नेदरलँड्समधील ट्यूलिपची प्रसिद्ध बाग मे महिन्यातच बंद होते, हे तेथे पोहोचल्यावर कळले. त्याऐवजी भाच्याने किंडरडाइकच्या एकोणीस पवनचक्क्या दाखवल्या. पाणी उपसून जमीन कोरडी ठेवण्यासाठी अठराव्या शतकात बांधलेल्या या चक्क्या पाहताना, उजनीकडे डोळे लावून बसणारे आपण सोलापूरकर जरा अंतर्मुख होतो. आइंडहोवनला लागूनच न्यूनेन नावाचे गाव आहे. व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ हे विख्यात चित्र १८८५ साली तेथे रंगवले. दिव्याच्या मंद उजेडात बटाटे खाणारे ते शेतकरी कुटुंब! सौ. म्हणाली, “रात्रीचं जेवण आणि त्यात कंदमूळ, आपल्याला दोन्ही वर्ज्य.” भाचा खळखळून हसला. तो दिवसभर कामावर असे, म्हणून आम्ही गावातच पायी हिंडत होतो, आणि ते हिंडणेच अधिक आठवते.

पाचव्या दिवशी फोन आला. ताई स्नानगृहात पडली होती. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. मुलाला कॅनडाहून यायला आठवडा लागणार होता.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, हे कबूल केले पाहिजे. सहलीचे पैसे परत मिळणार नव्हते. एकदा इंग्लंडला गेलो की त्याच व्हिसावर परत येणे नाही. म्हणजे आल्प्स नाही, पॅरिस नाही. सौ.ने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. “तुम्ही बेरीज करा, मी बॅग भरते,” म्हणाली. तिसऱ्या दिवशी आम्ही विमानाने लंडनला आणि तेथून तासाभराच्या रेल्वेने लेस्टरला पोहोचलो.

तिकडच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर लगेच उभे करून चालायला लावतात. ताई चाकांच्या आधाराने चार पावले टाकत होती. मला पाहताच म्हणाली, “अरे, तुझा स्वित्झर्लंड?” मी म्हटले, “बंद आहे.”

चार दिवसांचे नऊ झाले. सकाळी रुग्णालय, दुपारी गाव. २०१२ साली वाहनतळाखाली सापडलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या अस्थी ज्या चर्चमध्ये आहेत, ते पाहिले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन केंद्रात दर्शन घेतले. ती मूळची चर्चची इमारत. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी एकाच छपराखाली आहेत. आपल्याकडे हे एका गल्लीतही अवघड जाते.

ताई घरी आल्यावर मी बॅगेतील शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. (तूप, पेढे नेऊ नयेत, दुधाचे पदार्थ तिकडे नेण्यास मनाई आहे.) जूनमध्ये तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चोविहार किती सोपा, असे मी सहज म्हणालो. ताई थोडा वेळ गप्प राहिली.

“डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो रे. हे दवाखान्यातून साडेसहाला यायचे. पहिली दोन वर्षं पाळलं, मग सुटलं. फलटण गल्लीत कधी कुणाला सांगितलं नाही. आता एकटीच आहे, तर साडेतीनला जेवून घेते.”

पन्नास वर्षे आम्ही तिच्या पत्रांतून आणि फोनवरून खुशाली ऐकत होतो. चार दिवसांच्या भेटीत ती हे बोलली असती, असे मला वाटत नाही.

तिच्या मनातले सोलापूर वेगळेच होते. “जुळे सोलापूर म्हणजे नेमकं कुठं?” असे तिने विचारले. एका लिफाफ्याच्या पाठीवर मी सात रस्ता, विजापूर नाका, त्यापुढे आमची वसाहत असा नकाशा काढला. “तिथं तर ज्वारीची शेतं होती!” ती म्हणाली. मग, “पाणी रोज येतं का?” मी विषय बदलला.

दहाव्या दिवशी सकाळी तिचा मुलगा पोहोचला आणि आम्ही निघालो.

या वर्षीचा तक्ता तयार आहे. लेस्टर चौदा दिवस, त्यानंतर भाच्याकडे पाच आणि स्वित्झर्लंडला चार. शेंगेनच्या अर्जात अनेक प्रवेशांच्या रकान्यात मी स्वतः खूण केली आणि सही करण्यापूर्वी अर्ज दोनदा वाचला.