पेटीपाशी

10 जुलै 2025
गुरुपौर्णिमा. क्लासात नारळ, पेढे आणि पलटे. सणालाही सरांचे पलटे चुकत नाहीत. माझ्याबरोबर पेटी धरलेल्यांपैकी काहींची बदली झाली, काही प्रवेशिका परीक्षेपर्यंत पोचले, बाकीचे ‘हल्ली वेळच होत नाही’ म्हणत गळाले. मी राहिले. त्यात चिकाटीपेक्षा क्लास दोन गल्ल्यांवर असण्याचा वाटा मोठा.

नव्या मुलीनं विचारलं, “काकू, गाणं कधी वाजवता यायला लागतं?” गाणं काय, दोन-तीन महिन्यांत येतं. त्यानंतर काय येतं, ते काही नेमकं सांगता येईना. पेढा दिला तिला.

26 जुलै
अनामिका हे बोट मुळातच आळशी. लय वाढली की मधल्या बोटामागून फरपटत येतं. आज भैरवातल्या तानेत तिनं वेळेवर पट्टी धरली. एकदाच, पण धरली.

19 ऑगस्ट
पाऊस हटायला तयार नाही. लाकूड फुगलं, मध्य सप्तकातल्या पंचमाची पट्टी दाबली की वर येईना. दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पेटी उघडलीच आहे तर सूरही बघून घेतले. सुराचं पितळेचं पातं टोकाशी खरवडलं की सूर चढतो, कारण टोक हलकं होऊन पातं जलद थरथरतं. मुळाशी खरवडलं की ते लवचीक होतं आणि सूर उतरतो. दोन सूर जुळवताना काका पट्ट्या एकदम दाबून धरतात. किंचित फरक असेल तर आवाजात लाट उठते, जुळत आले की ती सावकाश होत होत विरते.

पूर्वी मी तिथे मोबाइल बघत बसायचे. आज मीच म्हणाले, “गेली लाट.” काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपायी वर्षभराचे पलटे माफ.

16 सप्टेंबर
पेटीवादक आप्पा जळगावकर 2009 साली आजच्या तारखेला गेले. संध्याकाळी भीमसेन जोशींच्या गाण्याला त्यांनी केलेली साथ ऐकली. शिकायला लागले तेव्हा आप्पांची बोटं कुठे धावतात तेवढंच कानात शिरायचं. आता ती कुठे थांबतात ते ऐकू येतं. गवई एखाद्या सुरावर उभा आहे आणि मागे पेटी नुसती आहे, पुढे येत नाही. हे न वाजवणं किती कठीण असतं, ते दोन जागा हाताला बसल्या की तिसरी दाखवायची हौस असणाऱ्या माझ्यासारखीला कळतं.

आप्पांचा जन्म 1922चा. आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली 1940 साली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. मींड निघत नाही, श्रुती ठोकळेबाज, हे आक्षेप. ते खोटे नव्हतेच. तरी हा माणूस ऐन उमेदीत तेच वाद्य मांडीशी घेऊन बसला.

5 ऑक्टोबर
ठोकळेबाज म्हणजे काय, ते आज कानाला कळलं. सरांचा मिरजेचा तानपुरा नीट लागला होता. खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो नाद. सर कितीदा सांगायचे, मी मान डोलवायचे. आज तो ऐकू आला, अगदी स्वच्छ. लगेच पेटीवरचा ग दाबला, तर तो चक्क चढा.

घरी येऊन हिशेब पाहिला. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर पडतं आणि पेटीचा शुद्ध गांधार त्या स्वयंभू गांधाराहून सुमारे 14 सेंट वर बसतो. म्हणजे इतक्या मेहनतीचं फळ काय, तर स्वतःच्या पेटीचा ग कानाला खुपायला लागला! पण दिवसभर खुशीत होते. रात्री दुर्गा वाजवला. त्यात गांधारच नाही.

23 नोव्हेंबर
तबल्याच्या परीक्षेला लेहरा धरायला सरांनी मला बसवलं. चंद्रकंस, तीनताल. विलंबितात एक आवर्तन साधारण सोळा सेकंदांचं, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा. काही वर्षांपूर्वी माझं सगळं लक्ष बोटांनीच खाल्लं असतं. आज हात आपला चालत राहिला आणि कान पूर्ण मोकळे होते, म्हणून कायदा वाजवणारा मुलगा पुढे सरकतोय हे मला त्याच्याआधी कळलं. त्याच्यामागे धावावंसं फार वाटलं. धावले नाही. दोन आवर्तनांत तो परत आला, तिहाई बरोबर समेवर पडली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते योग्यच.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “काकू, तुम्ही हलला नाहीत म्हणून सम सापडली.”

पुढच्या तुकडीसाठी रूपकातला लेहरा बसवायचाय. सात मात्रा, आणि समेवरच काल, म्हणजे खाली. तीनतालाला सरावलेला हात आठवी मात्रा मागणार. उद्यापासून बोटांऐवजी आधी हातावर ताल धरून म्हणायचं, असं सरांचं म्हणणं.